कागदाची घडी आणि पत्र्याचा वाक : पाचवीच्या घडणीपासून कॅडपर्यंत



पाचवीच्या गणितात त्रिमितीय वस्तू आणि त्यांच्या घडणी हा भाग आपण सगळेच शिकवतो. खडूचा किंवा औषधाचा रिकामा खोका उलगडून दाखवतो, मुलं कागदावर सहा चौकोन काढतात, कापतात, दुमडतात, ठोकळा तयार होतो. घनाच्या एकूण ११ वेगवेगळ्या घडणी होतात हे कळल्यावर त्या शोधायची वर्गात शर्यतच लागते. शिष्यवृत्तीच्या सरावात असे प्रश्न सोडवून घेतले की आपण हा भाग संपला असं समजतो.

पण याच घडणीवर एक मोठा उद्योग उभा आहे. चाकण, भोसरी, वाळूज इथल्या कारखान्यांत पत्र्याचे जे भाग बनतात, ते सगळे आधी सपाट कापले जातात आणि मग वाकवले जातात. आपल्या भागातली किती तरी मुलं दहावी-बारावी किंवा आयटीआय करून तिकडेच कामाला जातात. कॉम्प्युटरवर पत्र्याचा वाक कसा तयार करतात, त्यामागचं गणित काय, आणि प्राथमिक शाळेत त्याची तयारी कशी करून घेता येईल, हे आजच्या लेखात आपण पाहणार आहोत. इंजिनीअरिंगची कुठलीही माहिती असायची गरज नाही. वर्तुळाचा परीघ काढता येत असेल तर हा लेख पूर्ण समजेल.

वाक कशासाठी असतो?

आधी मुलांना आजूबाजूला बघायला सांगा. आपल्या ईट गावात किंवा भूम तालुक्यातल्या कुठल्याही गावात पत्र्याच्या वस्तू कमी नाहीत. घरावरचे नालीदार पत्रे, धान्याची कोठी, लग्नातली पेटी, पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा डबा, केर भरायची सुपली. यातली एकही वस्तू सपाट पत्र्याची नाही. प्रत्येकीला वाक आहे.

वाकाची तीन कामं असतात.

पहिलं काम आकार देणं. सपाट पत्र्यात धान्य राहत नाही, चार बाजू वर उचलल्या की डबा होतो.

दुसरं काम ताकद देणं. वहीचा एक कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा. त्यावर खोडरबर ठेवला तरी तो खाली जातो. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि परत ठेवा. खोडरबर, शार्पनर, पेन्सिल सगळं पेलतो. कागद तोच, वजन तेवढंच, फक्त घड्या आल्या. घरावरचा पत्रा नालीदार का असतो, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

तिसरं काम हात वाचवणं. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. म्हणून डब्याची, सुपलीची, पेटीची कड आत पूर्ण दुमडलेली असते. ती दुमडसुद्धा एक वाकच आहे, १८० अंशांचा. बाजारातल्या स्वस्त डब्याच्या कडेला दुमड नसेल तर तो लहान मुलाच्या हाती देऊ नये, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

कागद फसवतो तो इथे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वर्गात आपण घडण काढतो तेव्हा कागदाची जाडी धरत नाही. धरायची गरजही नसते, इतकी ती कमी असते. पण पत्र्याला जाडी असते. जाड पत्रा वाकवला की मापं बदलतात.

एक साधं उदाहरण घेऊ. एक पट्टी वाकवून काटकोनी कोन बनवायचा आहे. एक बाजू ५० मिलिमीटर, दुसरी ३० मिलिमीटर, दोन्ही मापं बाहेरून. पत्रा १ मिलिमीटर जाडीचा. पट्टी किती लांब कापावी?

पाचवीतला मुलगा लगेच सांगेल, ५० अधिक ३०, म्हणजे ८०. कागदासाठी हे उत्तर बरोबर आहे. पत्र्यासाठी नाही. हीच बाजू आतून मोजली तर १ मिलिमीटर जाडी वजा होऊन ४९ आणि २९ येतात, बेरीज ७८. मग पट्टी ८० ची कापायची की ७८ ची? खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. ते कुठे आहे हे शोधणं म्हणजेच पत्र्याच्या वाकाचं गणित.

जुन्या स्लीपरचा प्रयोग

हे गणित सांगण्याआधी एक प्रयोग जरूर करा. खर्च शून्य. जुन्या रबरी स्लीपरचा बोटभर रुंदीचा लांब तुकडा कापून घ्या. त्याच्या जाडीच्या बाजूवर, म्हणजे कडेवर, पेनाने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा. शिवाय जाडीच्या बरोबर मधून एक आडवी रेघ ओढा. आता तुकडा वाकवा आणि मुलांना रेघा बघायला सांगा.

बाहेरच्या बाजूला रेघांमधलं अंतर वाढलेलं दिसतं. तिथे रबर ताणला गेला. आतल्या बाजूला रेघा एकमेकींच्या जवळ आल्या. तिथे रबर दाबला गेला. मधल्या आडव्या रेघेवर मात्र अंतर जवळजवळ तेवढंच राहिलं. ना ताण, ना दाब.

पत्र्यातही हेच होतं. वाकाच्या बाहेरचा थर ताणतो, आतला थर आवळतो आणि मधे कुठेतरी एक थर असा असतो की ज्याची लांबी बदलत नाही. त्याला तटस्थ थर म्हणू. सपाट पट्टीची लांबी म्हणजे या तटस्थ थराची लांबी. एवढं एक वाक्य समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

फरक एवढाच की पत्रा घट्ट वाकवला की हा थर बरोबर मधे राहत नाही, तो आतल्या बाजूला सरकतो. आतल्या पृष्ठभागापासून तो जाडीच्या किती भागावर आहे हे सांगणाऱ्या आकड्याला के फॅक्टर म्हणतात. थर बरोबर मधे असेल तर के फॅक्टर ०.५. पत्रेकामात तो बहुतेक वेळा ०.३ ते ०.५ च्या दरम्यान असतो. आपण ०.४ धरून चालू.

आता हिशेब करू

पत्रा १ मिलिमीटर जाड. वाकाची आतली त्रिज्या १ मिलिमीटर. पत्रा अगदी धारदार कोपऱ्यात वाकत नाही, तिथे छोटी गोलाई राहतेच, तिची ही त्रिज्या. के फॅक्टर ०.४.

तटस्थ थराची त्रिज्या = आतली त्रिज्या अधिक जाडीचा ०.४ भाग = १ + ०.४ = १.४ मिलिमीटर.

काटकोनी वाक म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पाव भाग. १.४ त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ = २ × ३.१४ × १.४ = ८.७९. त्याचा पाव भाग = सुमारे २.२ मिलिमीटर. म्हणजे वाकात २.२ मिलिमीटर पत्रा खर्च होतो.

उरल्या सरळ बाजू. बाहेरून ५० मिलिमीटरच्या बाजूतून वाकाची जागा वजा करायची. ही जागा म्हणजे त्रिज्या अधिक जाडी, १ + १ = २ मिलिमीटर. म्हणून सरळ भाग ४८. दुसऱ्या बाजूचा सरळ भाग ३० − २ = २८.

एकूण लांबी = ४८ + २८ + २.२ = ७८.२ मिलिमीटर.

बघा, ७८ आणि ८० च्या मधेच उत्तर आलं. कागदाच्या हिशेबाने ८० आले होते, म्हणजे एका वाकाला १.८ मिलिमीटर वजा करावे लागले. या वजा करायच्या आकड्याला कारखान्यात बेंड डिडक्शन म्हणतात आणि वाकात खर्च होणाऱ्या २.२ ला बेंड अलाउन्स म्हणतात. नावं मोठी आहेत, आत फक्त पाव वर्तुळाचा परीघ आहे.

कोणी म्हणेल, दोन मिलिमीटरने काय बिघडतं? सुपलीत काही बिघडत नाही. पण स्टार्टरच्या डब्याचं झाकण घ्या. त्याला समोरासमोर दोन वाक आहेत. दोन्हींचं मिळून ३.६ मिलिमीटर वाढलं तर झाकण डब्यावर ढिलं बसेल, स्क्रूची भोकं जुळणार नाहीत, फटीतून पाणी आणि पाली आत जातील. असे पाचशे डबे एकदम कापले असतील तर पाचशेही भंगारात. गावात हाताने काम करणारा कारागीर झाकण डब्याला लावून बघत बघत वाकवतो, त्याचा डोळा आणि हात हा हिशेब करतो. कारखान्यात कापणारा माणूस वेगळा, वाकवणारा वेगळा, जोडणारा तिसऱ्याच गावात. तिथे हिशेब आधीच बरोबर असावा लागतो. म्हणून कॅड लागतं.

कॅडमध्ये सुपली बनवू

कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर मापासहित आराखडा काढायचं सॉफ्टवेअर. कारखान्यांत सॉलिडवर्क्स, सॉलिड एज यांसारखी विकतची सॉफ्टवेअर वापरतात. शिकायला फ्रीकॅड पुरेसं आहे. ते पूर्ण मोफत आहे, २००२ पासून जगभरचे लोक मिळून ते वाढवत आहेत आणि त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. साधा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप चालतो, मोबाईलवर मात्र ते चालत नाही. आवृत्तीनुसार बटणांची नावं थोडी बदलू शकतात, पण क्रम हाच राहतो.

आपली सुपली अशी : तळ बाहेरून २४० मिलिमीटर रुंद आणि २०० मिलिमीटर खोल. डावी, उजवी आणि मागची अशा तीन भिंती, प्रत्येक बाहेरून ५० मिलिमीटर उंच. पुढची बाजू उघडी. पत्रा १ मिलिमीटर, त्रिज्या १ मिलिमीटर.

पायरी १ : टूल्स मेनूतल्या अ‍ॅडऑन मॅनेजरमधून शीटमेटल नावाची जोड घ्या आणि फ्रीकॅड बंद करून परत उघडा. वर्कबेंचच्या यादीत शीट मेटल दिसेल.

पायरी २ : स्केचरमध्ये २४० बाय २०० चा आयत काढा. माप आकड्यात टाका, नुसतं डोळ्याने ओढू नका. मुलांना वहीत आयत काढताना पट्टी वापरायला लावतो, तसंच हे.

पायरी ३ : तो आयत निवडून मेक बेस वॉल द्या. जाडी १ भरा. आयताचा पत्रा झाला.

पायरी ४ : पत्र्याच्या डाव्या, उजव्या आणि मागच्या कडा निवडून मेक वॉल द्या. कोन ९०, त्रिज्या १, लांबी ५०. इथे सॉफ्टवेअर दोन प्रश्न विचारतं आणि बहुतेक नवीन मुलं इथेच घसरतात. पहिला प्रश्न, वाक तळाच्या मापाच्या आत घ्यायचा की बाहेर? आपल्याला बाहेरून मोजून २४० हवे आहेत, म्हणून मटेरियल इनसाइड निवडा. बाहेर घेतलं तर सुपली २४० पेक्षा रुंद होईल. दुसरा प्रश्न, भिंतीची लांबी कुठून मोजायची? आपली ५० ही उंची बाहेरच्या कोपऱ्यापासून आहे, म्हणून आउटर शार्प निवडा. सॉलिडवर्क्समध्ये याच कामाला एज फ्लँज म्हणतात आणि तिथेही हेच दोन प्रश्न असतात.

पायरी ५ : कोपरे बघा. मागची भिंत आणि बाजूची भिंत जिथे भेटतात तिथे पत्रा दोन दिशांना एकदम वाकू शकत नाही, तो फाटतो किंवा चुरगळतो. म्हणून तिथे छोटा काप ठेवतात. त्याला रिलीफ म्हणतात. कागदाचा खोका बनवताना आपण कोपऱ्यातला चौकोन कापून टाकतो, तेच हे. चौकोनी किंवा गोल रिलीफ निवडता येतो.

पायरी ६ : तळाचा सपाट पृष्ठभाग निवडा आणि अनफोल्ड द्या. के फॅक्टर ०.४ भरा. सुपली उलगडून पुन्हा सपाट होते. हीच तिची घडण, पाचवीच्या पुस्तकातली. सॉलिडवर्क्स याला फ्लॅट पॅटर्न म्हणतं.

आता पडताळा घ्या. रुंदीत दोन वाक : २४० + ५० + ५० = ३४०, त्यातून दोनदा १.८ वजा, म्हणजे ३३६.४. खोलीत एक वाक : २०० + ५० = २५०, त्यातून १.८ वजा, म्हणजे २४८.२. उलगडलेल्या पत्र्याची मापं तेवढीच दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर पायरी ४ मधली दोन उत्तरं पुन्हा तपासा. हा पडताळा वहीत आधी करून मगच कॉम्प्युटर उघडायचा, असा नियम ठेवा. नाहीतर मूल फक्त बटणं शिकतं.

ही सपाट आकृती डीएक्सएफ फाइल म्हणून साठवता येते. लेझर कटिंगच्या मशीनला हीच फाइल देतात. कड दुमडायचा भाग सोपेपणासाठी आपण हिशेबात धरलेला नाही, पण खऱ्या सुपलीत भिंतींच्या वरच्या कडांना तो लागेलच.

कॉम्प्युटरला पत्रा माहीत नसतो

हा परिच्छेद मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. कॉम्प्युटर आकडेमोड चुकत नाही, पण के फॅक्टर ०.४ हा आकडा त्याला आपण दिला. तो आकडा पत्र्याच्या जातीवर, जाडीवर, वाकाच्या त्रिज्येवर आणि मशीनवर अवलंबून असतो. शिवाय एक गंमत आहे. हा आकडा मोजायच्या दोन रीती आहेत, आन्सी आणि डिन. डिन रीतीचा आकडा आन्सीच्या दुप्पट असतो. फ्रीकॅड उलगडताना कोणती रीत ते विचारतं. तिथे उलटं निवडलं तर ०.४ चा अर्थ ०.२ होतो आणि प्रत्येक काटकोनी वाकाला जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी चूक येते. १ मिलिमीटरच्या पत्र्यात ती ०.३ मिलिमीटर, ५ मिलिमीटरच्या पत्र्यात दीड मिलिमीटरहून जास्त.

मग खरा आकडा मिळवायचा कसा? मोजून. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिलिमीटरची पट्टी कापायची, त्याच मशीनवर काटकोनात वाकवायची आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजायच्या. बेरीज १०१.८ आली तर एका वाकाचं डिडक्शन १.८. वाकवल्यावर पट्टी वाढली कशी, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. त्यांना स्लीपरच्या ताणलेल्या रेघा आठवायला सांगा.

आणखी काही गोष्टी कॉम्प्युटर आपणहून सांगत नाही :

• पत्रा परत उघडतो. ९० अंशांत वाकवून सोडला की तो किंचित मागे येतो. म्हणून मशीनवर थोडा जास्त वाकवतात. स्टीलची पट्टी हलकी वाकवून सोडली तर ती सरळ होते, त्याचाच हा धाकटा भाऊ.

• फार घट्ट वाक तडकतो. साध्या लोखंडी पत्र्याला आतली त्रिज्या निदान जाडीएवढी ठेवली की सहसा निभतं. कडक अ‍ॅल्युमिनियमला त्याहून मोठी लागते.

• पत्र्यालाही लाकडासारखी दिशा असते. कारखान्यात तो ज्या दिशेने लाटला गेला, त्या दिशेला आडवी वाकाची रेघ घेतली तर तडा जायची शक्यता कमी. समांतर घेतली तर जास्त.

• वाकाजवळ भोक घेतलं तर ते ओढलं जाऊन लांबट होतं. भोकाची कड वाकापासून निदान जाडीच्या दोन-अडीच पट अधिक त्रिज्या एवढी लांब ठेवावी.

• फार आखूड भिंत मशीनला वाकवता येत नाही. बेंडिंग मशीनमध्ये खाली इंग्रजी व्ही आकाराची खाच असते. पातळ पत्र्यासाठी तिची रुंदी साधारण जाडीच्या आठ पट घेतात. पत्रा त्या खाचेच्या दोन्ही काठांवर टेकला पाहिजे. कॉम्प्युटर २ मिलिमीटरची भिंत आनंदाने काढून देतो, मशीन देत नाही.

दुकानात पत्रा गेजने मागतात, तिथेही मुलांचा गोंधळ होतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. ब्रिटिश मापानुसार १८ गेज म्हणजे १.२२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७१, २६ गेज म्हणजे ०.४६. कॅडमध्ये गेज न लिहिता मिलिमीटर लिहायचे, आणि तेही व्हर्नियरने मोजून.

शाळेत आणि घरी काय करता येईल?

सगळ्या शाळांत चालू कॉम्प्युटर नाहीत हे मला माहीत आहे. पण या विषयाचा अर्धा भाग कॉम्प्युटरशिवायच होतो.

तिसरी-चौथी : रिकामे खोके उलगडणे आणि पुन्हा जोडणे. घड्यांची रेघ आणि कापायची रेघ वेगळ्या रंगाने काढणे. कारखान्याच्या आराखड्यातही हा फरक असतोच.

पाचवी : घडण दोनदा करून घ्या. एकदा साध्या कागदाची, एकदा जाड नालीदार पुठ्ठ्याची, तेच माप घेऊन. दोन्ही खोके बाहेरून आणि आतून मोजायला लावा आणि तक्ता भरून घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात फरक इतका स्पष्ट दिसतो की जाडी हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही.

सहावी ते आठवी : परीघ शिकवला की वरचा ७८.२ चा हिशेब करून घ्या. परीघाचं हे उदाहरण सायकलच्या चाकाइतकंच उपयोगी आहे. आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, त्यात स्थानिक कारागिरांकडून शिकायचं आहे. त्यातला एक दिवस पत्रेकामाच्या दुकानात न्यावा. तिथे मुलांनी तीनच प्रश्न विचारावेत : रेघ कुठे मारता? वाकायला किती सोडता? झाकण किती सैल ठेवता? उत्तरं वहीत लिहून आणायची. कारागीर मामांना के फॅक्टर हा शब्द माहीत नसेल, पण त्यांच्या उत्तरात तो सापडेल.

सुरक्षेबद्दल एक सूचना. प्राथमिकच्या मुलांना पत्रा कापायला देऊ नका. पुठ्ठा पुरेसा आहे. दुकानात गेल्यावर कापलेले तुकडे हातात घेऊ द्यायचे नाहीत, आणि बेंडिंग किंवा प्रेस मशीन असेल तर रांग लांबच थांबवायची. या मशीनवर बोटं गमावलेली माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात भेटतात. वाकाचं माप बरोबर असेल तर तुकडा पुन्हा पुन्हा मशीनमध्ये घालून हात जवळ न्यावा लागत नाही, हीसुद्धा गणिताची एक मदत आहे.

हाताने करत शिकायची ही पद्धत आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या खऱ्या कामांतून विज्ञान आणि गणित शिकवायचं, हा त्यांचा विचार. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांतली एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये झाली. कॉम्प्युटरवरचा आराखडा आणि गावातली वस्तू या दोन गोष्टी एका खेडेगावात एकत्र आल्या, त्याला आता वीस वर्षांहून जास्त काळ झाला.

पालकांसाठी थोडं

आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावीनंतर मेकॅनिकल ड्राफ्ट्समन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात आराखडे आणि कॅड शिकवतात. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे टूल आणि डायचे तसेच कॅडचे अभ्यासक्रम चालतात. प्रवेशाच्या अटी आणि फी दरवर्षी तिथेच विचारून घ्यावी, कोणाच्या सांगण्यावर पैसे भरू नयेत.

मशीन चालवणं हे मानाचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपला मुलगा किंवा मुलगी मशीनसमोर उभी राहील तेव्हा कागदावरचे ७८.२ कुठून आले हे तिला माहीत असावं. आराखडा चुकला असेल तर पहिल्या तुकड्यालाच ती थांबवून सांगू शकेल. असं सांगता येणाऱ्या माणसाला सेटिंगचं, तपासणीचं, पुढे आराखड्याचं काम मिळतं. आणि गावात राहून स्वतःचं दुकान टाकायचं असेल तरी हेच गणित लागतं. आपल्या भूम तालुक्यात खव्याचा धंदा मोठा आहे. भट्ट्यांना ट्रे लागतात, झाकणं लागतात, पेट्या लागतात. त्या मापात बनवणारा माणूस गावातच असला तर बाहेर कशाला जावं लागेल?

स्वाध्याय

१. घराच्या आत आणि आवारात पत्र्याच्या पाच वस्तू शोधा. प्रत्येकीतले वाक मोजा. कोणता वाक आकारासाठी, कोणता ताकदीसाठी, कोणता कड झाकण्यासाठी ते लिहा.

२. १ मिलिमीटर पत्र्याची पन्हळ बनवायची आहे. बाहेरून मापं : भिंत ४०, तळ १००, भिंत ४०. त्रिज्या १, के फॅक्टर ०.४. पत्रा किती रुंद कापाल?

३. काटकोनी कोनाच्या बाजू बाहेरून ६० आणि ४०. पत्रा २ मिलिमीटर, त्रिज्या २, के फॅक्टर ०.४. पट्टीची लांबी काढा. एका वाकाला किती वजा झाले? १ मिलिमीटरच्या उत्तराशी तुलना करा.

उत्तरे : (२) १८० मधून दोनदा १.८ वजा, १७६.४ मिलिमीटर. (३) ५६ + ३६ + ४.४ = ९६.४ मिलिमीटर. वजा झाले ३.६, म्हणजे जाडी आणि त्रिज्या दुप्पट तर वजाबाकीही दुप्पट.

तिसऱ्या प्रश्नात हा दुप्पटपणा एखाद्या मुलाने स्वतःहून ओळखला तर त्याला शाबासकी द्या. पुठ्ठ्याचा प्रयोग वर्गात करून बघा, मुलांनी भरलेले तक्ते जपून ठेवा. पुढच्या वर्षी परीघ शिकवताना तेच तक्ते पुन्हा काढता येतील.



– एक प्राथमिक शिक्षक, ईट, ता. भूम, जि. धाराशिव